डाउनटाउन रिव्हायटलायझेशन इनिशिएटिव्ह

डाउनटाउन रिव्हायटलायझेशन इनिशिएटिव्ह (संक्षेप: डीआरआय) ही अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्य शासनाची अनुदान योजना आहे. शहरांच्या ओस पडत चाललेल्या मध्यवर्ती भागांचे पुनरुज्जीवन करणे हा तिचा उद्देश आहे. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्या कार्यकाळात, २०१६ मध्ये ती सुरू झाली. शहराच्या जुन्या व्यापारी भागाला अमेरिकेत ‘डाउनटाउन’ म्हणतात.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मध्यमवर्ग मोठ्या प्रमाणावर उपनगरांत राहू लागला. १९५६ च्या कायद्यानुसार महामार्गांचे जाळे उभे राहिले, उपनगरांत मोठी व्यापारी संकुले निघाली आणि जुन्या पेठांतील ग्राहक घटले. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये संघराज्य शासनाने नगर नूतनीकरणासाठी निधी दिला. परंतु त्यातून अनेक ठिकाणी जुन्या इमारती पाडल्या गेल्या, रहिवासी विस्थापित झाले आणि मोकळ्या जागांवर वाहनतळ आले. उरलेल्या जुन्या इमारती राखून तेथे वस्ती व व्यापार परत आणण्यावर डीआरआय योजनेचा भर आहे.

निवड व नियोजन

राज्याचे दहा आर्थिक विभाग आहेत. पहिल्या फेरीत प्रत्येक विभागातून एका ठिकाणाची निवड होऊन त्यास १ कोटी डॉलर, म्हणजे एकूण १० कोटी डॉलर, मंजूर झाले. एल्मायरा, जिनीव्हा, ग्लेन्स फॉल्स, जेम्सटाउन, मिडलटाउन, ओनिओंटा, ऑस्वीगो, प्लॅट्सबर्ग, वेस्टबरी आणि न्यू यॉर्क शहरातील जमैका ही ती दहा ठिकाणे होत.

प्रत्येकी १ कोटीपैकी ३ लाख डॉलर नियोजनासाठी राखीव होते. स्थानिक नियोजन समिती नागरिकांच्या सभा घेऊन प्रकल्पांची यादी व गुंतवणूक आराखडा तयार करते. मात्र कोणत्या प्रकल्पांना निधी द्यायचा, हा अंतिम निर्णय राज्य शासनाचा असतो. जुन्या इमारतींची दुरुस्ती, वरच्या मजल्यांवर सदनिका, नाट्यगृहे, पदपथ व उद्याने अशी कामे यात येतात. निधी अनेक कामांत विभागला जात असला, तरी ती सर्व एकाच लहान परिसरात, परस्परांना पूरक ठरतील अशी निवडली जातात.

मर्यादा व मतभेद

अनुदान बहुतांशी प्रतिपूर्तीच्या स्वरूपात मिळते. म्हणजे खर्च आधी करावा लागतो व रक्कम नंतर मिळते. त्यामुळे ज्याच्याजवळ भांडवल किंवा बँकेत पत आहे, त्याला योजनेचा लाभ घेणे सोपे जाते. लहान दुकानदारास ते अवघड पडते. परिसराचे मूल्य वाढल्यावर भाडी वाढून जुने भाडेकरू बाहेर पडण्याचा धोकाही असतो.

प्लॅट्सबर्ग येथे ड्युर्की स्ट्रीटवरील सार्वजनिक वाहनतळाच्या जागी निवासी व व्यापारी इमारत बांधण्याच्या प्रस्तावास नागरिकांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. सभा घेऊन आराखडा ठरला, तरी सार्वजनिक जागेच्या वापराबाबत एकमत होतेच असे नाही, हे या वादातून दिसून आले.

पुढील वाटचाल

२०२१ च्या फेरीसाठी तरतूद २० कोटी डॉलर करण्यात आली. २०२२ मध्ये गव्हर्नर कॅथी होकल यांच्या काळात लहान गावांसाठी ‘न्यू यॉर्क फॉरवर्ड’ ही १० कोटी डॉलरची जोड योजना सुरू झाली. घरांच्या टंचाईमुळे पुढे नवीन घरबांधणीस अनुकूल धोरण असल्याचे राज्याचे प्रमाणपत्र ही या अनुदानासाठी अट ठरली.