विष्णूचे शंभर हात

पश्चिम आशियातल्या युद्धाची बातमी तापली की आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक जुनीच पीडीएफ फिरू लागते. या आठवड्यातही आली. ज्यू पुढाऱ्यांच्या गुप्त बैठकांचा म्हणे हा वृत्तांत. जगावर कब्जा मिळवण्याचा चोवीस प्रकरणांचा बेत. खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातच गाठलं, "तुम्ही पेपरात लिहिता, हे खरं आहे का हो?"

साफ खोटं आहे, काका. आणि ते ओळखायला आपल्याइतकं सोपं कुणालाच नाही. बाराव्या प्रकरणात वर्तमानपत्रं मुठीत ठेवण्याची युक्ती आहे. तिथे ज्यूंच्या तोंडी घातलंय की, आमच्या पत्रांना विष्णूसारखे शंभर हात असतील. विश्वरूपाची गोष्ट वेगळी, पण देवळातल्या विष्णूचे शंख, चक्र, गदा, पद्म धरलेले चार हात पोरंसुद्धा मोजून दाखवतील. नेमका हाच शंभर हातांचा विष्णू १८६४च्या एका फ्रेंच पुस्तकात आहे! मोरिस जोली या वकिलाने तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवर नेम धरून मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांचा नरकातला संवाद लिहिला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. त्यात ज्यूंच्या कटाचं नावही नाही. बनावट करणाऱ्याने मॅकियाव्हेलीचे परिच्छेदच्या परिच्छेद उचलले, आणि जोलीची चूकही तशीच उतरवली. मास्तर कॉपी पकडतात ती अशीच, दोघांच्या सारख्या चुकांवरून.

ही चोरी उघड केली लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार फिलिप ग्रेव्हज याने, ऑगस्ट १९२१मध्ये. इस्तंबूलमध्ये एका परागंदा रशियनाने जोलीचं पुस्तक त्याच्या हाती दिलं होतं. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, वर्षभरापूर्वी याच 'टाइम्स'ने त्या वृत्तांताला गंभीरपणे घेतलं होतं. आता त्यानेच दोन्ही पुस्तकांतले उतारे शेजारी शेजारी छापले. १९३५ साली बर्नच्या न्यायालयानेही तो वृत्तांत बनावट ठरवला.

तरी ते खोटं मेलं नाही. १९०३मध्ये ते रशियात पहिल्यांदा छापणारा क्रुशेवान हा, किशिनेवमधल्या ज्यूंच्या कत्तलीआधी आपल्या पत्रातून विष पेरणारा संपादक. हिटलरने तर 'बनावट आहे असं ओरडतात, यावरूनच ते खरं' असा तर्क लढवला. या तर्कापुढे कुठलाच पुरावा टिकत नाही, आणि म्हणून मला त्याची भीती वाटते. आमच्या पालघर जिल्ह्याला ती वेगळी सांगायला नको. १६ एप्रिल २०२०ला गडचिंचलेत अफवेनेच तीन जीव घेतले.

काका अलिबागकडचे, म्हणून त्यांना तिथलंच उदाहरण दिलं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्यांची आपण लेकरं, असं सांगणारे बेने इस्राएल ज्यू तिथे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. पेणकर, दिवेकर, रोहेकर, चेऊलकर ही त्यांची आडनावं. घरात बोली मराठी, नवसाला मलिदा.

"शनवार तेली ना?" काका म्हणाले. "आमची आजी तेल त्यांच्याकडूनच आणायची."

"काका, या पीडीएफमधले ज्यू म्हणजे तेच."

ते पायरीवर बसले. चष्मा लावून त्यांनी फोन उघडला आणि ज्या तीन ग्रुपवर ती पुढे पाठवली होती, ते एकेक करून शोधू लागले.