बगी तुटणारच, पण कुठे तुटावी ते आपण ठरवायचं

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी दहा वेळा 'म्हणजे' म्हटलंय, त्यातले आठ काढून टाकलेत. बाकी जवळपास जसंच्या तसं.

गेल्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "आरसी बगी घेतलीय, आता आधी काय अपग्रेड करू?" आणि त्याच्या खाली हमखास लिंक असते, चमचमत्या निळ्या ॲल्युमिनियमच्या सस्पेन्शन आर्म्सची. मीही तिथूनच सुरुवात केली होती, म्हणून माझीच फजिती आधी सांगतो.

माझी बगी १/१० स्केलची, फोर व्हील ड्राइव्ह, ब्रशलेस मोटरवाली. बॅटरीसकट वजन साधारण १.६ किलो. आमच्या सोसायटीमागे एक मोकळा प्लॉट आहे, मुरूम टाकलेला, मधेमधे बांधकामाची खडी. पुण्यात असे प्लॉट टॉवर उभा राहीपर्यंतच टिकतात, त्यामुळे आहे तोवर पळवून घ्यायचं. पहिल्याच महिन्यात पुढचा उजवा आर्म तुटला. नायलॉनचा, २५० रुपयांना जोडी. नवा लावला, तोही तुटला. मग पगार झाला आणि मी १८०० रुपयांचे ॲल्युमिनियमचे आर्म्स मागवले.

पुढच्या रविवारी बगी त्याच दगडावर आदळली. आर्मला ओरखडासुद्धा नाही! मी खूश. उचलून बघतो तर पुढचा बल्कहेड उभा चिरलेला, म्हणजे गिअरबॉक्स आणि आर्म ज्याला धरून असतात तो भाग. चॅसीची प्लेट नाकापाशी वाकलेली. बेव्हल गिअरचे दोन दात गायब. पार्ट यायला पाच आठवडे लागले आणि बिल आर्म्सच्या दुप्पट झालं.

झालं काय ते बघा. आदळण्याची ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. नायलॉनचा आर्म वाकतो, ताणतो, शेवटी तुटतो, आणि तुटताना ती ऊर्जा खाऊन टाकतो. कडक आर्म काही खात नाही. तो मार जसाच्या तसा पुढच्या पार्टला देतो, आणि तो पुढचा पार्ट महाग असतो, शिवाय बदलायला अर्धी गाडी खोलावी लागते. घरातल्या फ्यूजची तार वितळते म्हणून कुणी तिथे जाड खिळा घालतं का? (घालतात म्हणा. आमच्या गावच्या घरी घातलेला होता.) २५० रुपयांचा आर्म हा बगीचा फ्यूज आहे. तो तुटला म्हणजे त्यानं त्याचं काम केलं.

हे एकदा डोक्यात बसलं की बगीत असे आणखी फ्यूज दिसायला लागतात. सर्व्हो सेव्हर घ्या. स्टिअरिंगचा सर्व्हो आणि चाकांच्या मधे बसवलेली ती स्प्रिंग. चाकाला दगड लागला की ती दबते आणि सर्व्होचे बारीक गिअर वाचतात. "स्टिअरिंग ढिलं वाटतं" म्हणून लोक ती काढून सरळ मेटलचा हॉर्न लावतात. मग सर्व्होचे दात जातात. स्प्रिंग थोडी घट्ट करा, काढू नका. दुसरा फ्यूज स्लिपर क्लच. उडी मारून बगी खाली येते, चाकं भन्नाट फिरत असतात आणि जमीन त्यांना एका क्षणात पकडते. तो झटका गिअरवर जाऊ नये म्हणून क्लच थोडा घसरायला हवा. जागेवरून फुल थ्रॉटल दिल्यावर पहिल्या फूटभर अंतरात 'झिप्प' असा हलका आवाज आला पाहिजे. अजिबात नाही आला तर क्लच जाम आहे. पाच-दहा फुटांपर्यंत येत राहिला तर ढिला आहे आणि पॅड जळणार.

नायलॉनच्या आर्म्सची एक फुकटची युक्ती सांगतो. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि ओलं नायलॉन जास्त चिवट असतं, लवकर तडकत नाही. नवा आर्म पंधरा-वीस मिनिटं पाण्यात उकळायचा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्यायचा. पावसाळ्यात हे काम हवाच करते, थंडीच्या कोरड्या दिवसांत फरक जाणवतो. उकळायला भांडं मात्र वेगळं घ्या. मी चहाचं पातेलं घेतलं होतं, तो विषय आमच्या घरी अजून बंद झालेला नाही.

आता वेग. माझी मोटर ३३०० केव्हीची, म्हणजे लोड नसताना दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे. टू-एस लायपोचे ७.४ व्होल्ट धरले तर झाले २४,४२० फेरे. थ्री-एस म्हणजे ११.१ व्होल्ट, ३६,६३० फेरे. मोटर तीच, गिअर तेच, फक्त बॅटरी बदलली आणि वेग दीडपट. इतकं सोपं असल्यामुळेच सगळे आधी हेच करतात. पण करंट दीडपट झाला तर वायरिंगमधली उष्णता वर्गाच्या हिशोबानं वाढते, म्हणजे सव्वादोनपट. म्हणून व्होल्टेज वाढवलं की मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर, पिनियन, दोन-तीन दात कमी असलेला लावायचा. टॉप स्पीड थोडा जातो, पण मोटर वाचते. पाच मिनिटं पळवून थांबायचं आणि मोटरला बोट लावायचं. दोन-तीन सेकंदही टेकवता येत नसेल तर गिअरिंग चुकलंय. साध्या ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या पुढे कायमचे कमजोर व्हायला लागतात. कोविडच्या वेळची ताप मोजायची गन वापरू नका, आमच्याकडची ४३ च्या पुढे नुसतं 'हाय' दाखवते!

पिनियन बसवताना दोन गिअरच्या दातांमधे वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करायची आणि मग पट्टी फिरवत बाहेर काढायची. उरते ती फट बरोबर. स्क्रूवर निळं थ्रेडलॉक लावा, पण धातू-धातूच्या जोडावरच. प्लास्टिकवर लागलं तर ते काही दिवसांत तडकू शकतं.

मोटर बदलून गाडीचं चरित्र बदलायचा नाद जुनाच आहे, खुद्द कंपन्यांचासुद्धा. १९८४ साली जपानच्या टामियानं दोन बग्या आणल्या, ग्रासहॉपर आणि हॉर्नेट. दोन्हींचा सांगाडा जवळपास एकच. ग्रासहॉपरला छोटी ३८० साइजची मोटर, हॉर्नेटला मोठी ५४०. तेवढ्यावर एक 'नवशिक्यांची' आणि एक 'वेगवान' झाली.

वेगाबद्दल मला जे सांगायचंय ते मात्र वेगळं आहे. थ्री-एस लावल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी बगी उडीवरून वाकडी उतरली, उजवीकडे वळली आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांमधून गेली. सहा-सात वर्षांच्या एका मुलाच्या घोट्यापासून वीतभर अंतरावरून. मी जागच्या जागी गार. तो मुलगा धावत आला आणि म्हणाला, "दादा, अजून जोरात पळते का ही?"

त्या रात्री मी हिशोब केला. १.६ किलोची बगी ताशी ४० किलोमीटरनं पळत असेल तर तिची गतिज ऊर्जा साधारण १०० ज्यूल. १६० ग्रॅमचा लेदर बॉल ताशी १३० नं टाकला तर त्याचीही जवळपास तेवढीच. म्हणजे टू-एसवरच माझी बगी एखाद्या फास्ट बोलरचा चेंडू होती. ६० च्या वेगाला तीच ऊर्जा २२० च्या वर जाते, दोन चेंडू. आणि समोरच्याला पॅड नाहीत.

तेव्हापासून थ्री-एस फक्त सकाळी सहाला, प्लॉट रिकामा असताना. आणि फेलसेफ मी दर वेळी तपासतो. गाडीची चाकं उचलून धरायची, थोडा थ्रॉटल द्यायचा आणि रिमोट बंद करायचा. चाकं थांबली पाहिजेत. फिरत राहिली तर रिसीव्हरचा फेलसेफ न्यूट्रलला किंवा ब्रेकला सेट करा, तोवर गाडी जमिनीवर ठेवू नका. एरवी रिमोट आधी चालू करायचा आणि शेवटी बंद करायचा. उलटं केलं तर गाडी कुणाचंच ऐकत नाही.

बॉडीबद्दल थोडक्यात. ती पॉलिकार्बोनेटची असते, रंग आतून द्यायचा आणि पॉलिकार्बोनेटसाठीचाच घ्यायचा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे पहिल्या उलटीत पापुद्रे सोडतो. रंग वाळला की कोपऱ्यांना आणि व्हील आर्चला आतून फायबरची जाळीवाली टेप लावायची, जिप्सम बोर्डच्या सांध्यांना लावतात ती, आणि वरून शू गूसारखा लवचीक गोंद पसरायचा. आधी कापून उरलेल्या तुकड्यावर करून बघा. काही गोंदांमधलं सॉल्व्हंट रंग उचकटतं किंवा प्लास्टिकच ठिसूळ करतं. माझी बॉडी अशी दीड वर्ष टिकलीय, दिसते मात्र भंगारातून आणल्यासारखी.

पाण्याचं म्हणाल तर खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी ते इलेक्ट्रॉनिक्सपुरतं असतं. बेअरिंग गंजतातच. चिखलात खेळून आलात तर चिखल वाळू द्या, ब्रशनं झाडा, बेअरिंगला थेंबभर तेल द्या. प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नका, माती सीलच्या आत जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बॅटरी. गेल्या वर्षी गणपतीला गावी गेलो. जायच्या आदल्या रात्री दोन पॅक फुल चार्ज केले होते, पळवायला वेळ मिळाला नाही, आणि घाईत ते कपाटात शर्टांखाली ठेवले. दहा दिवसांनी परत आलो तर एक पॅक उशीसारखा फुगलेला. त्या खोलीत माझी आजी झोपते. ती गावी आमच्याबरोबर नव्हती, गुडघ्यांमुळे इथेच थांबली होती. दहा रात्री ती त्या कपाटापासून चार फुटांवर झोपली.

फुगलेल्या पॅकमधे गॅस असतो. टोचला, दाबला किंवा पुन्हा चार्ज केला तर पेट घेऊ शकतो, आणि तो पेटला की शर्ट, कपाट, पडदे यांना मिनिटभरही लागणार नाही. मी तो मातीच्या रिकाम्या कुंडीत घालून बाल्कनीत ठेवला आणि सोमवारी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दिला. सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात लायपो टाकू नका, तो उचलणाऱ्या माणसाच्या हातात पेटेल.

पळवायचं नसेल तर पॅक दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवायचा. चार्जरमधे 'स्टोरेज' मोड त्यासाठीच आहे. चार्जिंग बॅलन्स मोडवर, वन-सी करंटनं, म्हणजे ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअर. टाइल्सवर ठेवून, आणि तुम्ही त्याच खोलीत जागे असताना. पळवताना दर सेल ३.३ च्या आसपास आला की थांबा. शंभर-दीडशे रुपयांचा अलार्म मिळतो, बॅलन्स प्लगला लावायचा, कानठळ्या बसतात इतका वाजतो.

तर अपग्रेडचा माझा क्रम विचाराल तर आधी हा अलार्म, मग नायलॉनच्या आर्म्सच्या दोन जास्तीच्या जोड्या, मग बेअरिंग. निळे ॲल्युमिनियमचे आर्म्स माझ्याकडे अजून आहेत, कुणाला शोकेससाठी हवे असतील तर सांगा.

पुढच्या भागात डिफरन्शियल उघडणार आहे. तेलाचे डाग पडतील, जुना टी-शर्ट घालून ऐका.