सागाखाली काय उगवतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे ना’ तेवढे कमी केलेत.

विषय मेळघाट, पण वाघ नाही. राजापेठेतून निघालं की परतवाडा, मग घटांग, मग सेमाडोह. या रस्त्यावर सगळे लांब झाडीत नजर लावून बसतात. आपण आज गुडघ्याखालचं बोलू.

मेळघाट हे कोरडं पानझडी जंगल आणि इथे राज्य सागाचं. कोरकू भाषेत सागाला ‘सिपना’ म्हणतात, तेच नाव नदीलाही आहे. आता या सागाचं वेळापत्रक बघा. हिवाळा सरताना पानं गळू लागतात. एप्रिलमध्ये जमिनीवर ऊनच ऊन, पण पाण्याचा थेंब नाही. जूनमध्ये पाऊस येतो, आणि त्याच सुमारास साग पानं फोडतो. श्रावणापर्यंत वर छत तयार! ऊन असतं तेव्हा पाणी नसतं, पाणी येतं तेव्हा ऊन जातं. खालच्या बहुतेक झाडोऱ्याला मधल्या काही आठवड्यांतच सगळं उरकावं लागतं.

सफेद मुसळी, कळलावी, रानहळद यांनी यावर तोड काढली आहे. जमिनीत कंद. गेल्या पावसाळ्यात साठवलेलं अन्न तयार असतं, त्यामुळे पहिल्या सरींनंतर पानं लगेच वर येतात. (चार्ज करून ठेवलेला फोन समजा.) पावसाळा संपता संपता ती पिवळी पडतात, कंद खाली शाबूत. आपला तरोटा मात्र बियांपासून उगवतो, त्याला उघडी जागा लागते. म्हणून भाजीसाठी तो रस्त्याकडेला सापडतो, दाट सावलीत नाही.

छत कसलं आहे यावरही बरंच ठरतं. ऐन, धावडा, मोह, तेंदू, बांबू मिसळलेले असले की उंची वेगवेगळी, कवडसे वेगवेगळे, आणि खाली प्रत्येकाला काही ना काही कोपरा मिळतो. नुसत्या सागाच्या लागवडीत तसं नसतं. शिवाय सागाच्या रुंद पानावर पावसाचे थेंब एकत्र होतात आणि जाड होऊन उंचावरून पडतात. वणव्याने खालचा पाचोळा जाळलेला असेल तर ते उघड्या मातीवरच आदळतात. माती वाहते, बीही वाहतं.

पण सावलीलाच दोष देऊ नका. नाल्याकाठी अर्जुन-जांभळाखाली सावली जवळपास वर्षभर असते, तरी तिथे नेचे दिसतात, कारण ओल टिकते. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर, गार आणि जास्त पावसाचं. तिथे झाडांच्या सावलीत कॉफीसुद्धा होते.

खरी काळजी रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची. ही मूळची अमेरिका खंडातली. भारतात १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आणली. झाड पडून छताला भोक पडलं की ती घुसते. जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, फळं मात्र पक्षी खातात आणि बी पसरवतात. मुख्य म्हणजे ती वरच्या छताखाली, कमरेएवढ्या उंचीवर, दुसरं दाट छत घालते. मुसळीच्या वाट्याचे ते मोजके आठवडेही गेले. गवत गेलं की सांबर-गव्यांचा चारा गेला, आणि कंद-भाजी गोळा करणाऱ्या कोरकू घरांचंही नुकसान.

वरून कापली तर ती बुंध्यातून पुन्हा फुटते. जमिनीखाली मुळाच्या गड्ड्याशी तोडून झुडूप उलटं ठेवावं लागतं, आणि मोकळ्या जागी लगेच स्थानिक गवत वाढवावं लागतं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथे परत तीच.