ट्विस्टेड सिस्टर : रंग पाहिला, गाणं ऐकलंच नाही

१९८४ साली अमेरिकेत एमटीव्ही ही संगीतवाहिनी लावली की एक चेहरा हमखास दिसायचा. पिंजारलेले पिवळे केस, गालांवर लालभडक पट्टे, डोळ्यांवर थापलेला रंग आणि त्या अवतारात घसा फोडून गाणारा उंचापुरा डी स्नायडर. बँडचं नाव ट्विस्टेड सिस्टर. हा अवतार लोकांच्या इतका डोळ्यांत भरला की बँडची बाकी सगळी हकिकत त्याखाली दबून गेली. टीव्हीने रातोरात मोठं केलेली टोळी, दारू आणि ड्रग्ज, विकृत गाणी, मग सिअॅटलकडचा निर्वाणा हा बँड आला आणि खेळ खलास, अशी त्यांची कारकीर्द चार वाक्यांत गुंडाळली जाते. ग्लॅम मेटल या भडक वेशातल्या रॉकवर प्रेम करणारेही हेच सांगतात, याचं जास्त वाईट वाटतं. कारण ही चारही वाक्यं चुकीची आहेत.

‘एमटीव्हीने रातोरात मोठं केलं’

ही रात्र दहा वर्षांची होती. गिटारवादक जे जे फ्रेंच ज्या बँडमध्ये शिरला तो १९७२च्या अखेरीस न्यू जर्सीत उभा राहिला. १९७३मध्ये त्याला ट्विस्टेड सिस्टर हे नाव मिळालं. स्नायडर आला १९७६मध्ये. पहिला अल्बम निघायला १९८२ उजाडलं. मधली सगळी वर्षं न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेटिकटमधल्या बारमध्ये वाजवण्यात गेली. आठवड्याला चार-पाच रात्री, एकेका रात्री तीन-चार सेट. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा अठराव्या वर्षी दारू पिता यायची. त्यामुळे उपनगरांतले मोठमोठे क्लब कॉलेजच्या पोरांनी भरलेले असायचे आणि चांगल्या बँडला तिथे पोटापुरते पैसेही मिळायचे. या बारवाल्या गर्दीचा एक स्वभाव असतो. समोरचा कंटाळवाणा वाटला की ती पाठ फिरवते आणि पुन्हा ग्लासाकडे वळते. जत्रेत फड राखायला शिकलेल्या कलावंताला पुढे कुठल्याच रंगमंचाची भीती वाटत नाही, तसं या बँडचं झालं.

१९७९मध्ये त्यांनी मॅनहॅटनमधलं पॅलेडियम हे तीन हजारांवर आसनांचं नाट्यगृह हाउसफुल्ल केलं. तेव्हा त्यांच्या पाठीशी ना रेकॉर्ड कंपनी होती, ना रेडिओ. तरीही अमेरिकेतल्या कंपन्या एकामागून एक नकार देत राहिल्या. चेहरे रंगवून गाण्याची फॅशन त्यांच्या हिशेबी संपली होती. बाजार डिस्को आणि न्यू वेव्हचा होता. शेवटी ‘अंडर द ब्लेड’ हा पहिला अल्बम काढला तो इंग्लंडच्या सीक्रेट रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने. त्याच देशात ‘द ट्यूब’ या टीव्ही कार्यक्रमात त्यांना संधी मिळाली. समोरचे प्रेक्षक या रंगरंगोटीकडे संशयाने बघत होते. स्नायडरने चालू कार्यक्रमात तोंडावरचा रंग पुसून टाकला आणि गाणं सुरू केलं. मोटरहेड या बँडचा लेमी त्यांच्या सोबतीला मंचावर आला. या कार्यक्रमानंतर अटलांटिक रेकॉर्ड्सच्या फिल कार्सनने त्यांना करारबद्ध केलं. म्हणजे ज्या रंगामुळे बँड ‘बनला’ असं आपण समजतो, तो पुसून दाखवल्यावर दार उघडलं. १९८३मध्ये ‘आय अॅम (आय'म मी)’ हे गाणं ब्रिटिश यादीत अठराव्या क्रमांकापर्यंत गेलं, तेव्हा अमेरिकेत त्यांचं नाव अजून बारच्या पाट्यांवरच होतं. एमटीव्हीवर ते झळकले ते यानंतर.

‘सनसेट स्ट्रिपचाच आणखी एक बँड’

मॉटली क्रू, रॅट, पॉयझन ही नावं लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर मोठी झाली. ट्विस्टेड सिस्टर त्यांच्याच रांगेत बसवला जातो, पण तो पूर्व किनाऱ्याचा, थंडीवाऱ्यातल्या उपनगरांचा बँड. त्यांची मुळं न्यूयॉर्क डॉल्स, अॅलिस कूपर आणि इंग्लंडच्या स्लेडमध्ये आहेत. त्यामुळे त्यांच्या गाण्यात पार्ट्या आणि मोटारी कमी. घरच्यांशी, शाळेशी, साहेबाशी भांडणारा पोरगा जास्त.

‘असे दिसतात म्हणजे नशा आलीच’

स्नायडर दारू पीत नव्हता, सिगारेट ओढत नव्हता, ड्रग्ज घेत नव्हता. फ्रेंचही नशेपासून लांब. क्लबांच्या त्या धंद्यात रोज रात्री उभं राहायचं तर शुद्धीत असणं हे फ्रेंचच्या लेखी व्यवहाराचं कलम होतं. बँडचा हिशेबठिशेब तोच बघायचा. स्नायडर लहानपणी चर्चच्या गायनवृंदात गायचा. १९८१मध्ये त्याने सुझेटशी लग्न केलं आणि ते टिकलं. तो प्रसिद्ध भडक वेश आणि मेकअप घडवण्यात तिचाच मोठा हात आहे.

चर्चमधल्या त्या दिवसांची खूण त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात सापडते. ‘वी आर नॉट गॉना टेक इट’चं धृपद गुणगुणा आणि लगेच ‘ओ कम, ऑल यी फेथफुल’ हे नाताळचं जुनं भजन गुणगुणा. सुरुवातीच्या स्वरांची चाल तीच आहे. स्नायडरने हे स्वतः मान्य केलंय, आणि २००६च्या ‘अ ट्विस्टेड ख्रिसमस’ या अल्बममध्ये बँडने ते भजन आपल्या त्याच थाटात वाजवूनही दाखवलं. सेलीन डियॉनने १९९८च्या नाताळ अल्बममध्ये गायलेलं ‘द मॅजिक ऑफ ख्रिसमस डे’ हे कुणाचं गाणं आहे हे फारच थोड्यांना माहीत असेल. तेही डी स्नायडरचंच.

‘गाणी हिंसक आणि विकृत होती, हे सिनेटमध्ये सिद्ध झालं’

हा गैरसमज सर्वांत खोल रुतलेला आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

१९८५मध्ये वॉशिंग्टनमधल्या काही वजनदार महिलांनी ‘पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ ही संस्था काढली. त्यांतल्या एक टिपर गोर, सिनेटर अल गोर यांच्या पत्नी. मुलीसाठी आणलेल्या प्रिन्सच्या अल्बममधलं एक गाणं ऐकून त्या हादरल्या होत्या. आईची काळजी म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण संस्थेने पंधरा ‘घाणेरड्या’ गाण्यांची यादी काढली आणि तीत ‘वी आर नॉट गॉना टेक इट’ला टाकलं. कारण दिलं हिंसा. या गाण्याचे शब्द काढून वाचा. आम्ही आता हे सहन करणार नाही, आमचं आयुष्य आम्ही ठरवू, एवढंच त्यात आहे. शस्त्र नाही, मारामारी नाही, शिवीही नाही.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे सुनावणी झाली. संगीतकारांच्या बाजूने तिघे बोलले: फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर आणि डी स्नायडर. स्नायडर बिनबाह्यांचं डेनिम जाकीट आणि जीन्स घालून, केस मोकळे सोडून आला आणि त्याने मागच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. समितीला वाटलं असावं, आता फटफजिती बघायला मिळणार. त्याने सुरुवातच केली ती आपण तीस वर्षांचे आहोत, विवाहित आहोत, तीन वर्षांच्या मुलाचे बाप आहोत, ख्रिस्ती आहोत आणि कसलंच व्यसन करत नाही हे सांगून.

मग तो एकेक आरोप घेत गेला. ‘अंडर द ब्लेड’ या गाण्यात टिपर गोर यांना बांधून छळण्याचं आणि बलात्काराचं वर्णन दिसलं होतं. स्नायडरने सांगितलं की गिटारवादक एडी ओहेडाच्या घशावर शस्त्रक्रिया व्हायची होती आणि ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्या माणसाच्या भीतीवर हे गाणं लिहिलंय. विकृती शोधायला बसणाऱ्याला विकृती सापडते आणि इस्पितळ शोधणाऱ्याला इस्पितळ, असा त्याचा मुद्दा होता. बाईला बेड्या घातलेलं चित्र बँडच्या टी-शर्टवर असतं, हा आरोपही त्याने साफ फेटाळला. ‘वी आर नॉट गॉना टेक इट’च्या ज्या व्हिडिओत पोराचा बाप खिडकीतून उडतो, जिन्यावरून गडगडतो त्या व्हिडिओबद्दल त्याने सांगितलं की ती रोडरनरच्या कार्टूनसारखी माणसांना घेऊन केलेली गंमत आहे. युनायटेड वे या धर्मादाय संस्थेने बदलत्या कुटुंबावरच्या कार्यक्रमासाठी त्यातला भाग वापरायची परवानगीही मागितली होती. मुलं काय ऐकतात ते बघणं हे आईबापांचं काम आहे, असं तो म्हणाला. प्रत्येक अल्बम पालकांनी ऐकावा ही अपेक्षा वाजवी आहे का, असं अल गोर यांनी विचारलं. पालकत्व वाजवी नसतं, कठीण असतं, असं उत्तर त्याने दिलं. या प्रश्नावर याहून सरळ उत्तर मी ऐकलेलं नाही.

त्याच दिवशी जॉन डेन्व्हरने सांगितलं की ‘रॉकी माउंटन हाय’ या त्याच्या डोंगर आणि उल्कांच्या गाण्यावर काही रेडिओ केंद्रांनी ते ड्रग्जचं समजून बंदी घातली होती. डेन्व्हरचा चेहरा रंगवलेला नव्हता, म्हणून त्याचं सगळ्यांना लगेच पटलं. एवढाच काय तो फरक.

इथे आणखी एक चूक दुरुस्त करायला हवी. या सुनावणीतून कोणताही कायदा झाला नाही. अल्बमवर पालकांना सावध करणारी चिठ्ठी लावायचं रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने नोव्हेंबर १९८५मध्ये आपणहून कबूल केलं. चिठ्ठी सरकारची नव्हती आणि गाण्यांवर बंदीही नव्हती.

‘निर्वाणाने त्यांना संपवलं’

निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला सप्टेंबर १९९१मध्ये. ट्विस्टेड सिस्टर त्याच्या तीनहून अधिक वर्षं आधीच फुटला होता. १९८४चा ‘स्टे हंग्री’ अमेरिकेत पुढे तीस लाखांवर खपला. नंतरच्या ‘कम आउट अँड प्ले’ने मात्र निराशा केली. त्याची जाहिरात सुरू झाली ती ‘लीडर ऑफ द पॅक’ या साठच्या दशकातल्या मुलींच्या गटाच्या गाण्याच्या नव्या आवृत्तीने, आणि मेटलचा चाहता बिथरला. अॅलिस कूपरला घेऊन केलेल्या दुसऱ्या गाण्याचा झाँबींचा व्हिडिओ एमटीव्हीने दाखवायला नकार दिला. दौऱ्याची तिकिटं खपेनात. १९८७चा ‘लव्ह इज फॉर सकर्स’ मुळात स्नायडरचा एकट्याचा अल्बम म्हणून सुरू झाला होता. तो बँडच्या नावावर काढला गेला आणि त्यात रंगही धुऊन टाकला. माझ्या मते निकाल तिथेच लागला होता. सगळी गाणी एकच माणूस लिहितो आणि बाकीचे त्याच्यामागे ओढले जातात, असा बँड यश असेपर्यंत टिकतो. वादळ आतलं होतं, सिअॅटलचं नव्हतं.

स्नायडर पुढे दिवाळखोरीतही गेला, आणि रेडिओच्या कामाने पुन्हा उभा राहिला. २००१च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यात गेलेल्या पोलिसांच्या आणि अग्निशामक जवानांच्या कुटुंबांसाठी मदतनिधीचा कार्यक्रम झाला आणि त्यासाठी बँडचे पाचहीजण पुन्हा एकत्र आले. त्यानंतर ते पंधरा वर्षं वाजवत राहिले. ड्रमवादक ए. जे. पेरो २० मार्च २०१५ रोजी गेला. २०१६चा निरोपाचा दौरा त्यांनी माइक पोर्टनॉयला ड्रमवर बसवून पूर्ण केला.

‘एका गाण्याचा बँड’

यादीतले आकडे बघितले तर असं वाटू शकतं. ‘वी आर नॉट गॉना टेक इट’ अमेरिकेत २१व्या क्रमांकापर्यंत गेलं, ‘आय वॉना रॉक’ ६८व्या. पण ते पहिलं गाणं कुठे कुठे पोहोचलं ते बघा. डोनाल्ड ट्रम्प यांनी निवडणूक प्रचारात ते वाजवलं. स्नायडरने आधी होकार दिला, मग थांबवायला सांगितलं. २०२२मध्ये युक्रेनच्या लोकांनी ते आपलं म्हणून गावं याला त्याने उघड पाठिंबा दिला. ऑस्ट्रेलियात क्लाइव्ह पामर या अब्जाधीश राजकारण्याने विनापरवाना शब्द बदलून ते जाहिरातीत वापरलं आणि खटला चालला तेव्हा, ही चाल तर त्या जुन्या नाताळ भजनाची, असा बचाव पुढे आला. न्यायालयाने तो मानला नाही. एप्रिल २०२१मध्ये पामर यांना १५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायचा आदेश झाला.

सिनेटमधल्या त्या सुनावणीचा शब्दन्‌शब्द छापील नोंदीत आहे आणि स्नायडरच्या साक्षीचं चित्रीकरणही पाहायला मिळतं. या बँडबद्दल मत बनवण्याआधी तेवढं पाहा, आणि ‘अंडर द ब्लेड’ शब्द समोर ठेवून एकदा ऐका.