‘करीन’ या इंग्रजी नाविक क्रियापदाचा अर्थ

अमुक जहाज अमुक बंदरीं ‘करीन’ केलें, असा उल्लेख जुन्या इंग्रजी दर्यावर्दी कागदांत वारंवार आढळतो. (उच्चार आपल्या ‘मी करीन’ सारखाच, संबंध मात्र कांहीं नाहीं.) कोशांतील ‘कलणें’ हा अर्थ पाहून जहाजास अपघात झाला असें समजणें चुकीचें होय. तळ उघडा करण्यासाठीं जहाज बुद्ध्या कुशीवर कलविणें, हा त्याचा मूळ अर्थ.

लॅटिन ‘कॅरीना’ म्हणजे जहाजाचा कणा, ज्यास कोंकणांत ‘पठाण’ म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अक्रोडाची अर्धी कवची. ती पाण्यावर सोडून पाहावी म्हणजे दोहोंचें नातें कळतें. इटलीच्या किनाऱ्यावरून शब्द फ्रेंचांत ‘कारेन’ झाला व तेथून सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास इंग्रजींत आला.

कृति अशी: निवाऱ्याची उथळ खाडी गांठून तोफा व निरम उतरवीत, डोलकाठ्यांस दोर व कप्प्या लावून जहाज आडवें ओढीत. तळावरील शेवाळ व शिंपले जाळानें भाजून खरवडीत, फटींत जुन्या दोरांचे तंतू ठोकून वर डांबर फांसीत. मग दुसरी कूस. तोफा किनाऱ्यावर व जहाज आडवें, अशा स्थितींत शत्रु आला तर उपाय नाहीं. म्हणून युद्धाच्या हकीकतींत हा शब्द आला कीं तितके दिवस तें जहाज लढाईस निरुपयोगी होतें, असें धरावें. ब्रिटिश जहाज ‘मर्मेड’ १८२० मध्यें ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर जेथें असें कलविलें, तो उपसागर आजही याच शब्दानें ओळखला जातो.

थोडेंसें कलविणें हें याहून निराळें; त्यास ‘हील’ म्हणत. मात्र तेंही निर्धोक नव्हे. २९ ऑगस्ट १७८२ रोजीं स्पिटहेड येथें ‘रॉयल जॉर्ज’ किरकोळ दुरुस्तीसाठीं तोफा न उतरवितां असें कलविलें असतां खालच्या तोफखिडक्यांतून पाणी शिरून बुडालें. ॲडमिरल केंपेनफेल्ट यांसह आठशेंहून अधिक माणसें गेलीं.

तळास तांब्याचे पत्रे मारण्याचा प्रयोग ब्रिटिश आरमारानें १७६१ मध्यें ‘अलार्म’ जहाजावर केला. मुंबईसही १७५० च्या सुमारास इंग्रज कंपनीची कोरडी गोदी झाली. अशा सोयी वाढल्या तशी ही कृति मागें पडली. विसाव्या शतकांत अमेरिकेंत ‘करिअर’ म्हणजे भरधाव धांवणें, याच्याशीं घोटाळा होऊन मोटारीही ‘करीन’ होऊं लागल्या. जुने कागद वाचतांना तो अर्थ घेऊं नये.