एका कसोटीमागची कारकीर्द

इक्बाल सिद्दीकी एकच कसोटी खेळला. छत्रपती संभाजीनगरमधल्या क्रिकेटच्या गप्पा त्याच्याकडे वळल्या की ‘बिचारा’ हा शब्द हमखास येतो. मला तो पटत नाही.

3 डिसेंबर 2001. मोहाली, समोर इंग्लंड. भारताकडून तिघांचं पदार्पण होतं: केरळचा टिनू योहानन, बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, इक्बाल. मराठवाड्याच्या मातीतले दोघे एकाच कसोटीत पहिल्यांदा उतरले, ही गोष्ट आपण पुरेशी सांगितलेलीच नाही.

इक्बालच्या हाती नवा चेंडू आला. दोन्ही डाव मिळून 19 षटकं, 48 धावा, 1 बळी. आकडा किरकोळ दिसतो, पण तो सामना फिरकीचा होता. पहिल्या डावात हरभजनने 5 गडी टिपले, दुसऱ्यात कुंबळेने 6. अशा खेळपट्टीवर मध्यमगती गोलंदाजाने धावा रोखायच्या आणि फिरकीची वाट मोकळी करायची. षटकामागे अडीच धावा देऊन इक्बालने ते चोख केलं. फलंदाजीत त्याने 24 धावा जोडल्या. शेवटी जिंकायला 5 धावा हव्या होत्या. कर्णधार गांगुलीने त्याला सलामीला धाडलं आणि पाचही धावा त्यानेच काढल्या. पुढच्या अहमदाबाद कसोटीत श्रीनाथ परतला आणि इक्बालला पुन्हा भारताची टोपी मिळाली नाही.

पण ती टोपी आली कुठून? मराठवाड्यातला मुलगा खेळतो तो पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखाली. निवड चाचणीसाठी पुणे गाठायचं, संघात जागा मिळवायची आणि मग मोसमामागून मोसम रणजीच्या मैदानांवर, बहुतेकदा रिकाम्या स्टँडसमोर, गोलंदाजी करत राहायचं. इक्बालच्या नावावर प्रथम श्रेणीत 300 हून अधिक बळी आहेत. मोहालीची निवड यातल्या तोवरच्या कमाईवर झाली. तीच त्याची खरी कारकीर्द, आणि तीत बिचारं काहीच नाही.

बांगरची वाट वेगळी होती. तो रेल्वेच्या संघातून घडला. पुढच्याच वर्षी हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत सलामीला येऊन त्याने 68 धावांची चिवट खेळी केली, द्रविडबरोबर 170 धावांची भागीदारी रचली आणि भारताने ती कसोटी डावाने जिंकली. 12 कसोटी खेळलेला बांगर 2013 मध्ये निवृत्त झाला आणि नंतर भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक झाला.

मराठवाड्यातल्याच पैठणच्या अंकित बावणेने महाराष्ट्रासाठी धावांचे डोंगर रचले, पण त्याला भारताची टोपी मिळाली नाही. म्हणून त्याचं मोल कमी होत नाही.

शहरातल्या आमखास किंवा गरवारे मैदानावर सराव करणाऱ्या मुलांच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे: इक्बालला बोलवा आणि मुलांना त्या एका कसोटीबरोबरच तिच्याआधीच्या रणजी मोसमांबद्दलही विचारू द्या.