सफरचंदाची दारू, जालन्याची मोसंबी आणि नावाची किंमत

मागच्या व्हिडिओत आपण भाव कसा ठरवायचा ते बघितलं. आज तुम्हाला थोडं लांब घेऊन जातो, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्मंडीत. घाबरू नका, परत जालन्यालाच यायचंय.

नॉर्मंडी थंड आणि पावसाळी मुलूख. तिथं द्राक्षं नीट येत नाहीत, म्हणून फ्रान्समध्ये असूनही तिथं वाईनचा धंदा जमला नाही. सफरचंद मात्र भरपूर. पण त्यातली कितीतरी जातींची सफरचंदं इतकी कडू-तुरट, की तुम्ही एक घास घेऊन थुंकून द्याल. मग लोकांनी काय केलं? ती पिळली, रस आंबवून सायडर केली आणि सायडर भट्टीवर चढवून ब्रँडी काढली. तिचं नाव काल्वादोस. 1553 सालच्या एका जमीनदाराच्या रोजनिशीत सायडरपासून दारू काढल्याची नोंद सापडते.

1942 मध्ये या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. ठरलेल्या भागातली फळं, ठरलेली पद्धत, आणि ओकच्या लाकडी पिंपात किमान दोन वर्षं मुरवणं. हे नसेल तर बाटलीवर 'काल्वादोस' लिहिता येत नाही.

आता समजा, तुम्ही तिथं फिरायला गेलात. सकाळी समुद्रकिनारा बघाल. 6 जून 1944 ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य इथल्याच पाच किनाऱ्यांवर उतरलं होतं. दुपारी बायोला जाल. 1066 ची इंग्लंडवरची स्वारी सांगणारा, जवळपास 70 मीटर लांबीचा भरतकामाचा पट्टा याच गावामुळे जगाला माहीत झाला. आणि संध्याकाळी? वाटेत 'सायडरचा रस्ता' अशी पाटी दिसेल. गाडी वळवाल, बागेत शिराल, मालक पिंपं दाखवेल, चव देईल आणि तुम्ही बाटली घेऊनच निघाल. बघा, इतिहास बघायला आलेला माणूस फळाचं गिऱ्हाईक झाला!

आता या जालन्यात. आपल्याकडे काय कमी आहे?

इतिहास म्हणाल, तर 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई याच जिल्ह्यातली. शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आर्थर वेलस्ली होता, म्हणजे पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला फ्रान्सच्या नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. राजूरच्या गणपतीला अंगारकीला केवढी गर्दी होते ते मी काय सांगू! आणि समृद्धी महामार्ग जालन्यावरूनच जातो.

फळ म्हणाल, तर जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालंय. तरी आपली मोसंबी जाते कशी? गाडीत भरून, व्यापारी सांगेल त्या भावाने. 2012-13 च्या दुष्काळात कितीतरी बागा वाळून गेल्या. इतक्या कष्टाने, टँकरचं पाणी घालून वाचवलेलं झाड, आणि त्याच्या फळावर गावाचं नावसुद्धा नाही. खरं दुखणं इथं आहे.

कुणी म्हणेल, "सर, मग आपणही दारू काढायची का?" मुळीच नाही. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. नॉर्मंडीकडून शिकायचं ते असं, की अडचण कुठे आहे ते ओळखा आणि वस्तू तिच्याभोवती बांधा. मोसंबीची अडचण माहितीय ना? रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो. लिमोनिन नावाच्या घटकामुळे असं होतं, आणि तापवलं की कडवटपणा वाढतो. म्हणून घाईने बाटलीबंद रसात पैसे घालू नका. त्यापेक्षा गिऱ्हाइकालाच बागेपर्यंत आणा आणि ताजा रस समोर काढून द्या.

साधं गणित करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा बागेवर किलोला 20 रुपये मिळतात. एका किलोत दोन ग्लास रस निघाला आणि ग्लास 40 ला विकला, तर 80 रुपये आले. त्यातून ग्लास, बर्फ, मजुरी आणि खराब माल यांचे 30 गेले, तरी हातात 50 राहिले.

सुरुवात अशी करा:

1. जीआयचं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंदणी करा. मानांकन जिल्ह्याला मिळालं म्हणून ते आपोआप तुमच्या खोक्यावर येत नाही.

2. रस किंवा सालीची कँडी विकणार असाल तर एफएसएसएआय नोंदणी आधी करा. यंत्र घ्यायचं असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. चालू नियम कृषी कार्यालयात विचारून घ्या.

3. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 सालचं आहे, ते वाचा. बाग दाखवणं हाही धंदा आहे.

4. एकट्याने रस्ता होत नाही. शेजारचे चार बागायतदार मिळून एकच पाटी, एकच भाव, एकच चव ठेवा.

आणि "आपल्याकडे कुठं जमतं हो" असं म्हणू नका. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी याच जालन्यात महिकोची सुरुवात केली. तोच दाणा पोत्यात धान्य म्हणून एका भावाने जायचा, पाकिटात बियाणं म्हणून वेगळ्या भावाने जायला लागला. फरक होता तो निवडीचा, खात्रीचा आणि पाकिटावरच्या नावाचा.

आजचा गृहपाठ: या रविवारी राजूरच्या किंवा जांबच्या रस्त्यावर दोन तास उभे राहा. किती गाड्या थांबतात, लोक काय पितात, काय विकत घेतात, ते वहीत लिहा. पैसे घालायच्या आधी वही भरा. तुमचे आकडे खाली कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यांच्यावरच बोलू.